खुलासा: सुई लावल्याने कॅन्सर पसरत नाही

'स्तनातल्या गाठीला सुई लावू देऊ नका, कॅन्सर अंगभर पसरतो,' असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सुई लावणं म्हणजे बायोप्सी, गाठीचा नमुना काढून तपासणं. त्यात जागा बधिर करून, बहुधा सोनोग्राफीत बघत, साधारण १४ गेजच्या (दोनेक मिलिमीटर जाडीच्या) सुईने गाठीचे चार-पाच बारीक तुकडे घेतात. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात, हे खरं. पण त्यातून आजार वाढणं अगदी विरळ. अफवेचं मूळ वेगळं आहे: गाठ महिनोन्महिने अंगावर काढली जाते, आणि आधीच पसरलेल्या आजाराचं खापर सुईवर फुटतं.

खरी चूक होते ती न तपासताच गाठ कापून टाकण्यात, किंवा काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) घालून लॅबला न पाठवण्यात. गाठ लॅबला गेलीच नाही, तर ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवर कोणतं औषध चालेल हे सांगणाऱ्या खुणा) कळत नाहीत आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. दुखत नाही म्हणूनही थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.