ती चिप राहू द्या, आत्याची गोळी आणा

ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या आत्याने मंगळवारी पार्किन्सनवरच्या (कंपवातावरच्या) लेव्होडोपाच्या दोन गोळ्या चुकवल्या. विसरून नाही, मुद्दाम. आतेभावाच्या मेहुण्याने घरच्या ग्रुपवर ढकललेला मेसेज तिने वाचला होता: 'वैज्ञानिकों ने पूरा दिमाग चिप में उतारा, पार्किन्सन जड़ से खत्म, गोलियाँ आज ही बंद करें.' संध्याकाळी तिला खुर्चीतून उठता येईना.

आधी गोळ्यांचंच बोलू. पार्किन्सनमध्ये डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि लेव्होडोपापासून मेंदू ते डोपामिन बनवतो. कुठलीही चिप डोपामिन बनवत नाही. या आजारात बसवतात ते मेंदूत करंट देणारे बारीक इलेक्ट्रोड आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी. अमेरिकेत त्याला 2002 साली मान्यता मिळाली. त्याने थरथर आणि ताठरपणा कमी होतो, गोळ्याही बऱ्याचदा कमी होतात, पण आजार जात नाही आणि बहुतेकांच्या गोळ्या चालूच राहतात. गंमत म्हणजे, ज्यांना लेव्होडोपा लागू पडतं त्यांनाच सहसा हे ऑपरेशन मानवतं! आणि गोळी एकदम तोडली तर अंग लाकडासारखं होऊन सडकून ताप येऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. 'आज ही बंद करें' म्हणे. लिहिणाऱ्याचं काय जातंय?

'पूरा दिमाग'? आयबीएम या संगणक कंपनीने मेंदूच्या धर्तीवरची ट्रूनॉर्थ नावाची चिप 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. तिच्यात न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींची, नक्कल करणारी 10 लाख सर्किटं होती. आपल्या डोक्यात सुमारे 8,600 कोटी न्यूरॉन आहेत. म्हणजे शहाऐंशी हजारांतला एक हिस्सा, तोही नकलेचा.

एक मात्र मान्य करावं लागेल. ती चिप सुमारे 70 मिलिवॉटवर चालली. शरीरात बसवायच्या यंत्राला असली काटकसर हवीच, कारण यंत्र तापलं की आसपासच्या पेशी दुखावतात आणि बॅटरी संपली की पुन्हा चिरफाड. मेंदूचे संकेत पाहून स्वतःच करंट कमीजास्त करणाऱ्या यंत्रालाही 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. पण तीसुद्धा थेरपीच, गोळीची सुट्टी नव्हे.

चिप विचार वाचते, हेही त्या मेसेजमध्ये खाली लिहिलंय. न्यूरालिंक कंपनीच्या मेंदूत बसवायच्या चिपचे 1,024 इलेक्ट्रोड हात हलवायचा इरादा पकडून पडद्यावरचा कर्सर हलवतात. आत्याच्या मनातलं तर आतोबांनाही पन्नास वर्षांत वाचता आलं नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेहुण्याने नुसता अंगठा दाखवला. मूळ मेसेज अजून तिथेच आहे.