प्रभू येणार म्हणून पेरणी थांबवायची? वचन असं सांगत नाही

मृग तोंडावर आला आणि आमच्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक आवाजी संदेश फिरू लागला. सांगणारा म्हणतो, प्रभू येशू यंदाच्या यहुद्यांच्या कर्णे फुंकण्याच्या सणाला येणार, हिशेब पक्का आहे. लढाया, भूकंप ही खूण. म्हणून पेरणीत पैसा घालू नका, बैलजोडी विका, रक्कम ‘शेवटच्या कापणीसाठी’ अमुक नंबरवर पाठवा. जे ऐकणार नाहीत ते बायबलमधल्या पाच मूर्ख कुमारींसारखे बाहेर राहतील.

माझ्या मावशीने तो ऐकला. मी गेलो तेव्हा तिने पलंगाखालून कपाशीच्या बियाण्याच्या दोन बॅगा ओढून माझ्यापुढे ठेवल्या. “बापू, ह्या दुकानदाराले वापस करू का?”

प्रभू येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी तारीख. ‘तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हे येशूचं वाक्य, संदेशवाल्याच्या मते, म्हणे त्या सणाचाच सांकेतिक उल्लेख, कारण तो चंद्रकोर दिसल्यावर सुरू होई. पण मत्तय २४:३६ पुरतं वाचा. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक. सणाचा महिना तर यहुद्यांच्या लेकरांनाही माहीत होता. पुत्रालाही ठाऊक नाही असं जे म्हटलंय, ते सणाचं गुपित कसं असेल?

असे हिशेब पूर्वीही झाले. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी उभं पीक शेतातच सोडलं. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्यांनीच आपली चूक कबूल केली. मिलरची ती तारीख टळली त्याच वर्षाअखेर मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून भारतात उतरले आणि १८४५ मध्ये नागपूरला आले. प्रभूच्या येण्यावर त्यांचाही विश्वास होता. त्यांनी शाळा काढली.

लढाया-भूकंपांचं उत्तर मत्तय २४ मध्येच आहे: हे होणं अवश्य आहे, पण एवढ्यात शेवट नाही.

आता दहा कुमारी. नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा मुली, त्यातल्या पाच जणी तेलाअभावी बाहेर राहिल्या, हा दाखला आपण नेहमी घाईत वाचतो. मत्तय २५ मध्ये झोप दहाही जणींना लागली, शहाण्यांनाही. दिवे दहाही जणींकडे होते. फरक होता तो भांड्यात बरोबर घेतलेल्या जास्तीच्या तेलाचा. आणि ते लागलं कशाला? नवरदेवाला उशीर झाला म्हणून. आपल्याकडे गोरजाचं लग्न असलं की वरात रात्री दहाला मांडवात येते, तोवर दिवाबत्तीची सोय मांडववाल्यांनाच ठेवावी लागते. मूर्ख पाच जणींनी नेमकं हेच धरलं होतं की तो आत्ताच येईल, आणखी तेल कशाला. म्हणजे हा संदेश ज्यांना शहाणं म्हणतो, त्यांची चूक दाखल्यातल्या मूर्ख मुलींचीच आहे. मावशीच्या त्या दोन बॅगा मला त्या रात्री तेलाच्या भांड्यासारख्या दिसल्या.

पेरणीचं म्हणाल तर प्रभू म्हणतो, शेतात दोघे असतील, जात्यावर दोघी दळत असतील. तो येईल तेव्हा माणसं कामावर असतील. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच अशी आवई उठली होती. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ती खोडली आणि त्याच पत्रात बजावलं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. मत्तय २५ मध्येच प्रभू पुढे विचारतो तेही भुकेल्याला दिलेल्या अन्नाबद्दल, तहानेल्याला दिलेल्या पाण्याबद्दल, आजाऱ्याच्या भेटीबद्दल. वावर पडीक ठेवून भुकेल्याच्या ताटात काय वाढणार?

पैशाबद्दल थोडक्यात. जगच संपणार असेल तर त्या माणसाला तुमचे पैसे कशाला हवेत, हे त्यालाच विचारा. मंडळीचं दान मंडळीसमोर, हिशेबासकट दिलं जातं. कोणी पाठवून बसलं असेल तर लाजून लपवू नका. घरात सांगा, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर लगेच कळवा. आणि बैलजोडी विकायला काढली असेल, तर बाजाराच्या दिवसाआधी आपल्या पाळकांना घरी बोलवा.