ओळखा पाहू, काय चुकलंय?

माझ्या पेजेचा फोटो सध्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे. खाली एक ओळ : ‘ओळखा पाहू, काय चुकलंय?’ पुढे दोन हसणारे चेहरे आणि एक हात जोडलेला. फोटोत माझ्या पायजम्याची नाडीसुद्धा आली आहे, पण तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. सगळ्यांचं लक्ष पातेल्यावर.

झालं एवढंच, की काल सकाळी खालची अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा कोंबला. तासभर घट्ट चावून धरा, बोलू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, आणि नंतर फक्त मऊ आणि गार खा. बायको ऑफिसला. घरात मी, बधिर झालेला अर्धा ओठ आणि डब्यात कोलम तांदूळ. म्हटलं, बोळा काढायची वेळ होईपर्यंत पेज शिजेल, निवेलही. कचरा नेणारा यायचा होता म्हणून दार नुसतं लोटलं होतं. त्या दारातून नाना आले.

नाना तळमजल्यावर राहतात. मूळचे सावंतवाडीकडचे. नोकरी सगळी ठाण्या-मुंबईत झाली, पण चिडले की मालवणीत शिरतात आणि समजूत घालायची असली की प्रमाण मराठीत परत येतात. टाकी धुण्याच्या पत्रावर माझी सही हवी होती. सही राहिली बाजूला. वास घेत घेत ते सरळ ओट्यापाशी गेले आणि झाकण उचललं.

“ह्यां काय?”

“ऑ,” मी म्हणालो. बोळा तोंडात असताना ‘पेज’ म्हणून बघा.

“पेज? ही?” त्यांनी पळी फिरवली. “तांदूळ खंयचो?”

“ओअं.”

“कोलम!” नाना दोन पावलं मागे सरकले. “कोलमाची पेज? अरे, कोलम पंक्तीक वाढतत! पेजेक उकडो तांदूळ होयो. तांबडो. वालय तांदूळ गावलो तर बघूकच नको. आणि पाणी? पाणी आधी कढूक होयां, मगे तांदूळ वैरूचे. तू काय केलंस, थंड पाण्यात टाकलंस ना?”

मी “अं हं” म्हणालो. म्हणजे ‘नाही’. नानांनी ते ‘हो’ धरलं. पुढचा पाऊण तास माझ्या प्रत्येक हुंकाराचा अर्थ नाना लावत होते आणि तो दर वेळी कबुलीजबाबच निघत होता.

मग ते मराठीत आले. “हे बघ, रागावू नकोस. पेज कशी असते? वर पाणी नितळ, खाली शितं अख्खी. शीत मोडता कामा नये. उकडा तांदूळ आधीच तुसासकट उकडून वाळवलेला, म्हणून तो फुटत नाही. तुझ्या कोलमाचा बघ चिखल झाला.” (हे मात्र खरं होतं. पण मला चिखलच हवा होता. शितं अख्खी ठेवून मी ती चावणार कुठल्या दाढेने?) “मडक्यात करायची. चुलीवर. सकाळी दहाच्या सुमारास खायची. बरोबर खारातली कैरी. नाहीतर सुको बांगडो भाजून.”

सुका बांगडा. काल दाढ काढलेल्या माणसाला. मी काटा दाखवायला करंगळी वर केली. नानांनी मला बाथरूमची वाट मोकळी करून दिली.

एवढं झाल्यावर त्यांनी चमचा घेतला. फुंकर मारून चव पाहिली. “मीठ नाय.” मीठ घातलं, चव पाहिली. “आता जरा पाणी.” पाणी घातलं, उकळी आणली, चव पाहिली. मीठ उतरलं होतं. पुन्हा मीठ, पुन्हा चव. मग फ्रिज उघडून त्यांनी खारातली कैरी शोधली. ती नव्हती. मिश्र लोणच्याची बरणी होती, तिच्याकडे त्यांनी तुच्छतेने पाहिलं, आणि फोडी दोन काढून घेतल्या. तुच्छतेचा भुकेवर काही परिणाम होत नाही, हे मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं.

पातेल्यातली पातळी उतरत होती. शेवटी मी मोबाईलवर टाईप केलं : ‘डॉक्टर गार खा म्हणाले आहेत. कृपया झाकून ठेवू या.’ मोबाईल त्यांच्यापुढे धरला. नानांनी तो लांब धरला, जवळ धरला, खिसे चाचपले. “चष्मा खाली राहिला. तूच वाच.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

“वाच ना, संकोच कसला!”

अखेर मी गॅस बंद केला, पातेल्यावर हाताने पंखा हलवून दाखवला. तेव्हा कुठे उजेड पडला. “गार? गार पेज? अरे, कोलमाची पेज गार झाली की पोस्टर चिकटवायची खळ होते!” आणि हे लोकांना कळलं पाहिजे, अशा तळमळीने त्यांनी फोन काढून फोटो घेतला. फोटो काढायला चष्मा लागत नाही. खाली ओळ लिहायलाही लागला नाही, ती ते फोनला बोलून लिहायला लावतात. मला हे तेव्हा सुचलं असतं तर! पण सुचूनही बोललो कशाने असतो?

जाता जाता, लोणच्याची फोड चोखत ते म्हणाले, “आमची आई इतकां पाणी घालायची त्याचां कारण काय म्हायत आसा? तांदूळ शेरभर, आणि खाणारी तोंडां नऊ.”

आता या वाक्यानंतर माणसाला धड चिडताही येत नाही, आणि हाच माझा नानांवरचा मुख्य आक्षेप आहे. तुम्ही एखाद्याची पेज संपवता, फ्रिज उघडता, फोटो काढता, आणि दारात उभं राहून असं काही बोलता की समोरच्याने मान खाली घालावी. हा अन्याय आहे. शिवाय त्यांनी माझं जाड बुडाचं पातेलं उचललं. “खरी पेज काय असते ती करून पाठवतो. आमच्याकडली पातेली पातळ, करपतं.” आत उरलेलं होतं, तेही पातेल्याबरोबर गेलं.

तोवर ग्रुप पेटला होता. ‘काय चुकलंय’ या प्रश्नाला आमच्या इमारतीत जितकी घरं तितकी उत्तरं. पुण्याकडच्या एक काकू म्हणाल्या, चूक ही की तो गुरगुट्या भात नाही. मऊ भात, वर मेतकूट, साजूक तूप, बाकी सगळं थोतांड. तिसऱ्या मजल्यावरच्या कोल्हापूरकरांनी पेज हा प्रकारच रद्द केला. आंबील करा. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी आंबलं की शिजवायचं, वर लसूण-जिरं. सौंदत्तीहून लोक परतले की कोल्हापूरला ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा कशी भरते, याचं वर्णनही आलं. यात्रा सुंदर असणार. पण मला भूक आत्ता लागली होती आणि पीठ रात्री भिजवायचं होतं.

लातूरच्या एका गृहस्थांनी ज्वारीच्या कण्या आणि ताक सुचवलं, पुराव्यादाखल विदुराला आणलं. दुर्योधनाची मेजवानी नाकारून श्रीकृष्ण विदुराघरी कण्या खायला गेला, मग तुम्ही कोण? व्यायामशाळेत जाणाऱ्या एका मुलाने रात्रभर दुधात भिजवलेल्या ओट्सचा फोटो टाकला, वर चिया बिया पसरलेल्या. दाढेच्या ताज्या खड्ड्यात त्या बिया कशा रांगेने जाऊन बसल्या असत्या, हे मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि डोळे मिटले. एक बाई नुकत्याच पंचकर्म करून आल्या आहेत. त्यांनी कळवलं की आधी पेया, मग विलेपी, असं क्रमाने घट्ट होत जायचं असतं आणि मी मधूनच कुठेतरी सुरुवात केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, 28 यवागू, म्हणजे पेजाच, दिल्या आहेत हेही त्यांनीच सांगितलं. चरकाचं मला कौतुक वाटलं. त्याने 28 वर आवरतं घेतलं. आमचा ग्रुप आवरत नव्हता.

सी विंगमधल्या एका सुगरणीने मात्र सरळ आज्ञा केली : नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात सोडा, पाच मिनिटांत काम. भुकेने माणूस आज्ञाधारक होतो. सोडलं. क्षणात लिंबाएवढ्या गुठळ्या, आत कोरडं पीठ तसंच. याचं कारण साधं आहे. पिठातलं स्टार्च गरम पाणी लागताच फुगतं आणि चिकट होतं. बाहेरचा थर असा झटक्यात शिजला की आत पाणी जायला वाटच उरत नाही. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवायचं असतं, मग ढवळत तापवायचं. हे मी त्या बाईंना लिहून विचारलं. उत्तर आलं : “हो, ते गृहीत धरलंय.” गृहीत! पाककृतीत फक्त एकच वाक्य लिहायचं होतं आणि नेमकं तेच गृहीत धरलं.

रात्री दाढ ठणकत होती, झोप नव्हती, म्हणून फोनवर वाचत पडलो. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाचं गाव आहे. तिथे 1994 पासून दर शरदात पॉरिज करण्याची जागतिक स्पर्धा होते. पारंपरिक गटात ओट्स, पाणी आणि मीठ, बस. जिंकणाऱ्याला पॉरिज ढवळायची काठी मिळते, सोनेरी. परीक्षक येतात, चव घेतात, गुण देतात आणि निघून जातात. मला त्यातलं एकच आवडलं : तिथे परीक्षकांना बोलावलेलं असतं.

आता जरा कडू बोलतो, औषधांमुळे तोंड तसंही कडू आहे. एवढ्या मोठ्या इमारतीतून काल मला कृती आल्या, दुवे आले, कॅलरींचा तक्ता आला. वाटी एकही आली नाही. माझ्या लहानपणी चाळीत कुणी आजारी पडलं की ताटलीने झाकलेलं भांडं यायचं. त्यात काय आहे ते ताटली उचलल्यावर कळायचं आणि ते आपल्या पद्धतीचं नसलं तरी गप्प खाल्लं जायचं. आता लोक भांड्याऐवजी ज्ञान झाकून आणतात. विदुराने श्रीकृष्णाला कण्यांची नुसती कृती पाठवली असती, तर आज त्याचं नाव कुणाला ठाऊक असतं?

आणि नाचणीचं म्हणाल तर 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, भारतानेच सुचवलेलं. त्यानंतर आमच्या रस्त्यावरच्या कॅफेत नाचणीची लापशी काचेच्या बरणीत बसली, वर बदामाचे काप. परवडत नाही म्हणून नानांच्या आईने पाणी वाढवलं. हे लोक पाणी वाढवतात आणि किंमतही वाढवतात.

आज दुपारी बेल वाजली. नानांचा नातू. हात रिकामे.

“आजोबांनी विचारलंय, तुमच्याकडे साजूक तूप आहे का?”

“कशाला?” (बोळा निघाला आहे, आता बोलता येतं. उपयोग काही नाही.)

“पेजेवर घालायला. आजी म्हणाली तूप घालत नाहीत, तर त्यांचं भांडण चाललंय. आजोबांना घालून बघायचंय.”

“पेज झाली?”

“काल झाली होती. आज परत केलीय.”

मी वाटीभर तूप दिलं आणि वाटी आठवणीने परत आण म्हणून बजावलं.

“हो काका,” तो जिन्यावरून ओरडला, “पातेल्याबरोबरच देऊ.”