उलटीनंतर छातीत कळ आली तर थंड दूध पाजू नका

लग्नसराई आली किंवा थर्टी फर्स्ट जवळ आला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘जास्त खाणंपिणं होऊन उलटी झाली आणि मग छातीत दुखू लागलं, तर घाबरू नका, तो गॅस असतो. ईसीजी नॉर्मल आला की घरी या. थंड दूध प्या. तरी बरं वाटलं नाही तर घशात बोटं घालून उरलेलंही काढून टाका. अन्ननलिकेला इजा झाली असती तर रक्त पडलं असतं.’

मी कॅज्युअल्टीत काम करते. हा मेसेज वाचला की जीव घाबरा होतो, कारण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एका आजारात माणसाचा जीव घेऊ शकतं. तो आजार म्हणजे अन्ननलिका आरपार फाटणं.

‘तो गॅस असतो.’ बहुतेक वेळा खरंच आम्लपित्ताची जळजळ असते, हे मान्य. पण जोराची उलटी होताना जठरातला दाब एकदम वर चढतो. वरची वाट त्याच क्षणी मोकळी झाली नाही, तर अन्ननलिकेची भिंत फुटू शकते. बहुधा ती जठराच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, डाव्या बाजूला फुटते. आतड्याला बाहेरून जसं पातळ आवरण असतं, तसं अन्ननलिकेला नसतं. त्यामुळे अन्न, आम्ल आणि लाळेतले जंतू थेट छातीच्या पोकळीत उतरतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर आणखी आत ओढले जातात. ही कळ जळजळीसारखी नसते. ती अचानक, फाटल्यासारखी येते, ओसरत नाही, पाठीत किंवा डाव्या खांद्यात जाते. गिळताना, श्वास घेताना वाढते. धाप लागते, घाम फुटतो. कधी पोट लाकडासारखं कडक होतं आणि आम्हा डॉक्टरांनाही अल्सर फुटल्याचा किंवा स्वादुपिंडाला सूज आल्याचा भास होतो.

‘ईसीजी नॉर्मल आला की घरी या.’ ईसीजी हृदयाचा असतो, अन्ननलिका त्यात दिसत नाही. एकाच नॉर्मल ईसीजीवरून हार्ट अटॅकसुद्धा नाकारता येत नाही. पहिल्या काही तासांत छातीचा एक्सरेही साफ दिसू शकतो. नंतर त्यात डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी किंवा नको तिथे हवा दिसू लागते. मानेवर बोटं दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली तर संशय पक्का होतो. पण उलटी, छातीतली कळ आणि ही कुरकुर असं पुस्तकातलं त्रिकूट पुष्कळ रुग्णांत एकत्र दिसत नाही. त्याची वाट पाहत बसणं ही आमच्याच पेशातली जुनी चूक आहे. संशय आला की सीटी स्कॅन करायचा आणि गरजेप्रमाणे पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव) पाजून ते कुठून बाहेर झिरपतं ते पाहायचं. छातीतून काढलेल्या पाण्यात अमायलेज (लाळेत असणारं पाचक द्रव्य) खूप वाढलेलं निघालं, तर ती लाळ असण्याची शक्यता मोठी. लाळेला तिथे यायचं काहीच कारण नसतं.

‘थंड दूध प्या, बोटं घाला.’ इथे मला 1723 सालचा हॉलंडमधला रुग्ण आठवतो. यान व्हान वासेनार हा डच आरमाराचा बडा अधिकारी. भरपेट जेवणं झाली की पोट हलकं करायला उलटीचं औषध घ्यायची त्याला सवय होती. त्या दिवशीही त्याने ते घेतलं. उलटी काढताना तो किंचाळला आणि आत काहीतरी फाटलं, असं त्याने स्वतः सांगितलं. दुखणं शमावं म्हणून तो ऑलिव्ह तेल प्यायला, मग बिअर. लायडनचे नामांकित वैद्य हर्मन बोरहाव्ह यांना बोलावलं, पण दिवस उलटायच्या आत तो गेला. बोरहाव्ह यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा छातीतून बदकाच्या मांसाचा वास आला. बदक त्याने जेवणात खाल्लं होतं. प्यायलेलं तेलही छातीतच सापडलं. 1724 मध्ये त्यांनी हे सगळं बारकाईने छापलं आणि हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दूध, सोडा, लिंबूपाणी, साधं पाणीसुद्धा असंच छातीत उतरतं, आणि पुन्हा काढलेली उलटी भोक आणखी मोठं करते. म्हणून तोंडाने काहीही द्यायचं नाही, गोळीसुद्धा नाही. नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूबही अंदाजाने सरकवू नये.

‘रक्त पडलं असतं.’ हे जवळजवळ उलटं आहे. फक्त आतलं अस्तर चिरलं की रक्ताची उलटी होते. 1929 मध्ये मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. तेही दाखवायलाच हवं, पण बहुतेकांचं ते आपोआप भरून येतं. भिंत आरपार फाटते तेव्हा रक्त बरेचदा थोडंच पडतं किंवा दिसतच नाही.

कुणी म्हणेल, इतकं गंभीर असेल तर वाचतं तरी कोण? सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी 1947 मध्ये अशी अन्ननलिका यशस्वीपणे शिवली. आज शिवण्याबरोबर स्टेंट (भोक आतून झाकणारी जाळीची नळी) आहे, आणि गळती अगदी छोटी, बंदिस्त असेल तर काही निवडक रुग्ण शस्त्रक्रियेविनाही बरे होतात. फरक पडतो तो वेळेने. पहिल्या 24 तासांत निदान झालं तर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. पुढे तिथलं मांस सडून टाके धरत नाहीत. तरीही उशिरा आलेल्याची आशा सोडायची नसते.

छोट्या रुग्णालयातही सुरुवात करता येते: ऑक्सिजन, शिरेतून सलाईन, जंतूंच्या मोठ्या पल्ल्यावर चालणारी अँटिबायोटिक्स, वेदनाशामक, छातीत पाणी किंवा हवा असेल तर नळी. आणि हे चालू असतानाच छातीचा सर्जन असलेल्या केंद्राला फोन.

घरच्यांनी 108 ला फोन करावा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर ‘छातीत दुखतंय’ एवढंच सांगू नका. ‘आधी जोराची उलटी झाली, आणि त्यानंतर कळ आली,’ हा क्रम सांगा. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.