अंगण खरंच वाकडं

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्यानं काढली, त्यानं ऑनलाइन गोल्फ खेळलेलं नसणार. इथे अंगण खरोखरच वाकडं असतं. सरळ असतं तर मी नाचलो असतो, असं मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही.

टीवरचा, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरचा, पहिला फटका बरा जातो, कारण तेवढीच जमीन सपाट. मग चेंडू जाऊन टेकाडाच्या कुशीत बसतो. पडला तसाच मारायचा, हा या खेळाचा नियम. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. मी डावखुरा, आणि पडद्यावरचा माझा माणूस उजवा. त्यामुळे कित्येक महिने मी चुकीच्या बाजूला दुरुस्ती करून चूक दुप्पट करत होतो.

शेवटी एक युक्ती सापडली. चेंडूपाशी तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या बाजूला वाहील, त्याच बाजूला चेंडू वळणार. म्हणून नेम चढाच्या अंगाला धरायचा. हातातल्या क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, लॉफ्ट (तोंडाचा कल) जास्त असेल तर आणखी थोडा पुढे, कारण वेज ही जवळच्या फटक्याची काठी लांब पल्ल्याच्या आयर्न काठीपेक्षा जास्त वाहवत जाते.

समोर चढ किंवा उतार असला की क्लबचे नंबर बदलतात. चढावर सातची आयर्न आठसारखी वागते: चेंडू उंच जातो आणि अलीकडेच पडतो. उतारावर तीच सहासारखी होते. चेंडू जमिनीलगत सुटतो आणि पडल्यावरही थांबायचं नाव घेत नाही.

परवाचंच सांगतो. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, 150 यार्डांवर आणि 30 फूट उंच. तीन फुटांना एक यार्ड धरला, झाले 160. पायाखाली चढ, म्हणून एक क्लब मोठा, म्हणजे लांब पल्ल्याचा. चेंडू पायांच्या वर, म्हणून नेम उजवीकडे. वारा डावीकडून, म्हणून नेम परत थोडा डावीकडे. एवढ्यात समोरच्या खेळाडूनं मला गोगलगायीचं चित्र पाठवलं.

तिकडे दुर्लक्ष करून मी स्विंग सुरू केला. आता पडद्यावरच्या पट्टीवरचा काटा रेषेवर आला की नेमकं क्लिक करायचं, बस्स. पण गणितावर माझा विश्वास बसेना. चेंडू डावीकडे जाऊ नये म्हणून मी स्वतःच उजवीकडे झुकलो. खुर्चीला चाकं आहेत. ती निघाली, माझ्यामागून माउसही निघाला आणि क्लिक पडलं तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

1971 मध्ये अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डनं चंद्रावर गोल्फचे चेंडू मारले. त्याचाही पहिला प्रयत्न फसला होता. पण त्याच्या अंगावर अवजड स्पेससूट होता आणि तो एका हातानं मारत होता. माझे दोन्ही हात मोकळे होते.

चेंडू बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठावर जाऊन थांबला, माझ्या माणसाच्या पायांच्या बराच खाली. अशा वेळी गुडघे वाकवून खाली राहायचं आणि फटका संपेपर्यंत उठायचं नाही, असं जाणकार सांगतात. गोगलगाय पुन्हा आली. मी खुर्ची जागेवर आणली आणि बाजूचा दांडा ओढून तिची उंची कमी केली.