कोंढाणे लेण्यांच्या ट्रेकविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुलैमधील आमच्या कोंढाणे लेणी ट्रेकला आपण आईंना घेऊन आलात आणि परतल्यावर, ‘नवख्यांसाठी सोपा’ म्हणून सांगितलेल्या वाटेवर नुसता चिखल होता, लीडर पुढे निघून गेले, जेवण चार वाजता मिळाले आणि किल्ला दाखवलाच नाही, असे लिहून दोन तारे दिलेत.

लीडरविषयीची तक्रार पूर्णपणे खरी आहे. बत्तीस जणांमागे आमचे दोनच लीडर होते. एक पुढे वाट दाखवत होता आणि दुसरा पाय मुरगळलेल्या एका मुलीजवळ थांबला, त्यामुळे सर्वांत मागे चालणाऱ्यांसोबत आमचे कोणीही उरले नाही. त्या रानात राजमाचीकडे चढणारी वाटही आहे आणि गुराख्यांच्या वाटाही तिला येऊन मिळतात. अशा ठिकाणी साठीच्या बाईंना अर्धा तास ताटकळत उभे राहावे लागणे ही आमचीच चूक आहे. यापुढे वीसपेक्षा जास्त जण आम्ही नेणार नाही आणि एक लीडर शेवटच्या माणसाच्याही मागे राहील.

‘सोपा’ हा शब्दही आम्ही निष्काळजीपणे वापरला. कोंडिवड्याहून उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या वाटेवर कातळावर चढावे लागत नाही आणि चढही बेताचा आहे, एवढेच पाहून आम्ही तो लिहिला. परंतु हिवाळ्यात चपलेवरही जमणारी तीच वाट जुलैत लाल चिखलाने आणि शेवाळलेल्या दगडांनी निसरडी होते, हे जाहिरातीत असायला हवे होते. लेण्यांच्या तोंडावरून कोसळणारे पाणी पाहायला लोक पावसातच येतात, त्यामुळे पावसाळी ट्रेक बंद करणार नाही. मात्र त्यापुढे ‘सोपा’ असे लिहिणार नाही.

जेवणाच्या उशिराबद्दल मात्र दिलगिरी व्यक्त करता येत नाही. परतताना ओढा फुगलेला होता. घाटमाथ्यावर सर आली की हे ओढे पाहता पाहता चढतात आणि पाऊस उघडला की बहुधा लवकर ओसरतात, म्हणून दोर लावून माणसे उतरवण्याऐवजी आम्ही सर्वांना काठावरच थांबवले. पुन्हा तशी वेळ आली तरी थांबूच.

राहिला किल्ला. आईंच्या मनात होता तो कोंढाणा म्हणजे पुण्याजवळचा सिंहगड. आम्ही गेलो ती कर्जत तालुक्यातील सुमारे २,००० वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. नावाचा हा घोळ नवा नाही, तरी नोंदणीच्या वेळी आम्ही तो स्पष्ट करायला हवा होता. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेला चैत्यगृहाचा, म्हणजे तिथल्या प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग आईंना थकव्यामुळे नीट पाहता आला नाही, याची खंत वाटते.

आपल्या दोघांचे अर्धे शुल्क परत करत आहोत. त्यासाठी नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकावर या आठवड्यात फोन येईल. डिसेंबरमध्ये हाच ट्रेक कोरड्या वाटेने आहे. आईंची इच्छा असल्यास त्यांची जागा विनाशुल्क राखून ठेवू.