'आधी शिकवू तरी द्या' या कॉमेंटला उत्तर

सर नमस्कार, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. शाळेत मास्तर दोन, वर्ग चार, त्यात सरलची (शिक्षण खात्याच्या पोर्टलची) माहिती भरा, चाचणीचे मार्क ऑनलाइन टाका, फोटो अपलोड करा, आणि वर माझ्यासारखे घरात बसून 'पोरांना किती येतंय याचं जगभर मोजमाप पाहिजे' म्हणून लिहिणार, असं तुमचं म्हणणं. ओझ्याचं शंभर टक्के पटतं. पण त्यातनं तुम्ही 'मोजूच नका' काढलंय, तिथं आपलं जमत नाही.

पट, खोल्या, संडास, आधार नंबर एवढं सगळं भरूनपण पोराला वाचता येतंय का हे कळत नाही. 'असर' या सर्व्हेवाले २००५ पासनं पोरांना तपासायला घरी जातात, दुसरीच्या लेव्हलचा उतारा पुढं धरतात, वाच म्हणतात, मग पोरगं झेडपीतलं असो, प्रायव्हेटमधलं नाहीतर शाळा सुटलेलं. २०२२ ला ग्रामीण भारतात तिसरीतली फक्त २०.५ टक्के पोरं तो वाचू शकली, २०१८ ला २७.३ होती. आणि पटावर तर जवळजवळ सगळीच होती की! पुढं केनिया, टांझानिया, युगांडातपण तिथल्या 'उवेझो' या सर्व्हेनं हीच पद्धत उचलली.

आकड्यावरनं मास्तरची झाडाझडती घेतली तर मास्तर उत्तरं फळ्यावर लिहून देणार, हे तुमचं बरोबरच आहे. असरचा आकडा जिल्ह्याचा, राज्याचा असतो, कुठल्या एका शाळेच्या गळ्यात पडत नाही, म्हणून तर तो खरा येतो. उलट २००९ च्या पिसात, म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, हिमाचल नि तमिळनाडू तळाला गेले, तर आपण प्रश्न आपल्या पोरांच्या ओळखीचे नाहीत म्हणून पुढच्या फेऱ्यांना बसलोच नाही. प्रश्न परके असतीलही, पण म्हणून पेपरलाच दांडी?

आता आपल्याकडचं बघा. दिवाळी झाली की कोल्हापुरात शिरोळ-कागलकडं बीडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पोरगं तिकडच्या पटावर आणि बसलंय इकडं फडात, चाचणीच्या दिवशी गैरहजर, म्हणजे सरासरीतनं गायब. गावाबाहेरच्या कोपीवर (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीवर) असरवालेही पोचतीलच असं नाही. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, पोर न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड करायचा तर कुणाचं पोर घरात बसलंय याची यादी लागतेच की.

तुमच्या त्या भरण्यातले कुठले रकाने बिनकामाचे आहेत ते सविस्तर लिहा सर, ते बंद करा म्हणून मीपण तुमच्यासोबत ओरडतो. फक्त कोपीवरच्या पोरांची नोंद त्या बिनकामाच्या रकान्यांत धरू नका.